गावगाड्यातील लोहार व आपले आजचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



 सातारा व सांगली या जिल्ह्यांतील आपल्या लोहारकीचा इतिहास हा आमचा विषय आहे. आज आपण दोन जिल्हे म्हणतो. परंतु १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळेपर्यंत, संस्थानी गावे वगळता हा मुलूख सातारा या एकाच नावाने ओळखला जाई.

प्रथम लोखंडाविषयी. आपल्या वाडवडिलांच्या ऐरणीवरील सर्वच लोखंड विलायतेहून येत नसे. महाबळेश्वर व बामणोलीच्या डोंगरांत धावड नावाचे लोक राहत. ते तेथील तांबड्या दगडातून कोळशाच्या भट्टीवर लोखंड गाळीत. पुढे विलायती लोखंड स्वस्त झाले, जळण महागले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. १८८५ सालच्या सातारा गॅझेटियरात या धंद्याचा उल्लेख गतकाळातील म्हणूनच आला आहे. म्हणजे काळाचा पहिला घाव आपल्या भात्यावर नव्हे, तर आपल्याला लोखंड पुरविणाऱ्यांवर पडला.

गावात लोहाराचे स्थान काय होते? साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ यांनी आपल्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात बलुतेदारांची गणना केली आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हा ग्रंथ लिहून या व्यवस्थेचे साक्षेपी वर्णन केले. नांगराचा फाळ आणि कुळवाची पास घडवावी, विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून द्याव्यात, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, असा तो व्यवहार होता.

गाडीच्या चाकाला धाव चढविण्याचा दिवस ज्यांनी पाहिला आहे, ते तो विसरणार नाहीत. सुताराने तुंबा, आरे जुळवून चाक तयार करावे. लोहाराने चाकापेक्षा किंचित लहान धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करावी. तापून ती वाढली की सांडशींनी उचलून चाकावर बसवावी आणि लगेच पाणी ओतावे. धाव आवळली जाई व सारे सांधे घट्ट बसत. लोहार आणि सुतार परस्परांस किती बांधलेले होते, हे त्या चाकाइतके स्पष्ट कशानेच दिसत नाही.

बैलाच्या खुराला ठोकावयाची पत्री तर इतिहासातही गेली. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच मुलखात प्रतिसरकार चालले. फितुरांच्या तळपायांस होणाऱ्या शिक्षेच्या धाकाने लोकांनी त्यास पत्री सरकार म्हटले.

परंतु बंधूंनो, बलुत्याच्या आठवणीने आम्ही उसासे टाकणार नाही. पीक बुडाले की बलुतेही बुडे. वर्षभर राबूनही खळ्यावर आपण मागणारे ठरत असू. आपल्या वाट्यास निदान ओसरीची पायरी आली. महार, मांग बांधवांस तीही लाभली नाही. ती रीत मोडली, हे योग्यच झाले. आपली काळजी निराळी आहे. बलुते जाताना त्याबरोबर हुन्नर जाऊ नये, ही ती काळजी.

ती अनाठायी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे माळरान दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. वास्तविक लाकडी नांगराचा फाळ पिढ्यान्‌पिढ्या आपण लोखंडाचाच घडवीत होतो! समज मावळला, नांगर खपला. पुढे सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर निघू लागले. घडीव फाळ भट्टीत घालून पुन्हा शेवटता येतो; ओतीव फाळ झिजला की नवा विकत आणावा लागतो. एवढ्या एका फरकाने शेतकऱ्याचे आपल्या भात्याकडे येणे कमी झाले. पुढे उसाच्या गाड्यांना रबरी टायर आले व धावही गेली.

मग मार्ग कोणता? मिरजेकडे पाहा. तेथील शिकलगार हत्यारे घडवीत व पाजळीत. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारखे कारागीर तंबोरे, सतारी घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा पालटला, हाताची पारख पालटली नाही. आपलीही कित्येक मुले आज कराड, मिरज, कुपवाडच्या कारखान्यांत आहेत, कोणी गावी वेल्डिंगचे दुकान चालवितात. त्यांस आम्ही धंदा सोडलेले मानीत नाही.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. लहानपणी आम्ही आजोबांचा भाता ओढीत असू. तापलेल्या पोलादावर पेंढ्यासारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढताना ते पाहत, आणि नेमक्या क्षणी पाणी देत. विळ्यास कोणता रंग व छिन्नीस कोणता, हे आम्ही कधी विचारले नाही. शाळा शिकलो, वह्या भरल्या. पण त्यांचे एक वाक्यही टिपून घेतले नाही. ते गेले, आणि ते ज्ञानही गेले. आमच्या घरात आज ऐरण आहे, तिची विद्या नाही.

म्हणून आपणांस तीन विनंत्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने घरातील वृद्धांस विचारून हत्यारांची नावे, कामाच्या रीती व गावोगावच्या बलुत्याची माहिती लिहून मंडळाकडे द्यावी. जुनी ऐरण, घण, सांडशी भंगारात घालू नये. आणि ज्यांस धंदा करावयाचा आहे, त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या १८ व्यवसायांत लोहारकाम असून हत्यारांसाठी १५,००० रुपये, तसेच पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद तीत केलेली आहे.

लोखंड तापलेले असते तोवरच घाव घालावयाचा असतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. जाणती माणसे अजून आपल्यात आहेत. आज घरी गेल्यावर त्यांच्यापाशी बसा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.