पेटीतलं बाळ आणि आपले हात

आम्ही मीरा-भाईंदरच्या बचत गटांतल्या. आज हप्त्याचं किंवा कर्जाचं बोलायचं नाही. आज आमची एक चूक सांगायची आहे, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही.

आमच्या उत्तनच्या गटातल्या एका मावशींची सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ इवलंसं, त्याला नीट श्वास घेता येईना. एका रुग्णालयात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं आणि व्हेंटिलेटर लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी भेटायला गेलो. सोबत देवाचा अंगारा होता. दारावर कोणी अडवलं नाही. आमच्यातल्या एकीने आत जाऊन तसाच हात बाळाच्या कपाळाला लावला. गाडीचा दांडा धरलेला, पैसे मोजलेला हात. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बाळाला न्यूमोनिया झालाय.

तो कोणामुळे झाला, हे कोणीच सांगू शकत नाही. पण आमचा एक हात न धुतलेला होता, एवढं आम्हांला माहीत आहे. ते विसरता येत नाही.

नंतर तिथल्या एका सिस्टरांनी आम्हांला बसवून सगळं समजावलं. व्हेंटिलेटरची नळी बाळाच्या तोंडातून किंवा नाकातून थेट श्वासनलिकेत जाते. ती जीव वाचवते, पण जंतूंनाही वाट करून देते. आपल्याला ठसका लागला की आपण खोकून बाहेर काढतो. नळी असलेल्या बाळाला ते जमत नाही. तोंडातली लाळ नळीच्या कडेने खाली झिरपते आणि तिच्याबरोबर जंतू फुफ्फुसात उतरतात. नळी लागून दोन दिवस उलटल्यावर होणाऱ्या अशा न्यूमोनियाला व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणतात. नळी जितके जास्त दिवस राहील, तितका धोका वाढतो. शिवाय रुग्णालयातले जंतू पुष्कळदा चिवट असतात, साध्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून आजार होऊच न देणं महत्त्वाचं.

त्यासाठी डॉक्टर आणि सिस्टर काय करतात? दर वेळी बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुतात. बाळाचं डोकं थोडं उंच ठेवतात. यंत्राच्या नळ्यांत साचलेलं पाणी बाळाकडे वाहू न देता काढून टाकतात. तोंड स्वच्छ ठेवतात. नळी आज काढता येईल का, हे रोज तपासतात. जमेल तिथे नळीऐवजी नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप वापरतात.

मग आपलं काम काय? मैत्रिणींनो, पुष्कळ आहे. आई म्हणजे भेटीला आलेली पाहुणी नाही, ती उपचाराचा भाग आहे.

याचं उदाहरण लांब नाही, मुंबईतच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग डॉ. आर्मिडा फर्नांडिस सांभाळत होत्या. जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती. त्यांनी आईच्या दुधावर भर दिला आणि आयांना बाळांच्या काळजीत सामील करून घेतलं. 1989 साली तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या बाळाला आईचं दूध मिळू शकत नाही, त्याला दुसऱ्या आईने दिलेलं दूध तिथून मिळतं.

आमच्या मावशींची सून तेव्हा खालच्या वॉर्डात रडत पडून होती. दूध दाटून येत होतं आणि ते काढायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सिस्टरांनी शिकवल्यावर ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, स्वच्छ वाटीत दूध काढू लागली. आधी काही थेंबच निघाले. पिवळसर चीक होता तो. बाळ पिऊ शकत नव्हतं, तेव्हा सिस्टर त्यातले एक-दोन थेंब त्याच्या गालाच्या आत लावायच्या. चिकात जंतूंशी लढण्याची ताकद असते. ते थेंब टाकून द्यायचे नसतात.

आता लक्षात ठेवा. आत जाण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा आणि हात कोपरापर्यंत साबणाने निदान चाळीस सेकंद धुवा. आत मोबाइल नको. सर्दी-खोकला असेल तर दारातूनच परत फिरा. अंगारा, मध, गुटी, तेल यांतलं काहीही आत न्यायचं नाही. देवाला घरूनही हात जोडता येतात. घोळक्याने जाऊ नका, आईला आणि बाबांना जाऊ द्या. आणि डॉक्टरांना रोज विचारा, “आज नळी काढता येईल का?” कोणी हात न धुता बाळाजवळ आलं, तर नम्रपणे म्हणा, “ताई, आधी हात धुता का?” त्यात कोणाचा अपमान नाही.

नळी निघाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की बाळाला उघड्या छातीशी धरा. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला ऊब मिळते, आईला दूध येतं.

आणखी एक. नळी लागण्याची वेळच टळली तर उत्तम. गरोदरपणाची तपासणी चुकवू नका. 34 आठवडे पूर्ण होण्याआधी कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर घरी वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देता येतं, पण त्यासाठी वेळ हाताशी असावा लागतो. खर्चाला घाबरू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही मोफत आहेत, आता एक वर्षाचं होईपर्यंत. तुमच्या आशाताईंना विचारा.

मावशींचा नातू एकोणीस दिवसांनी घरी आला. आता तो वाळत टाकलेल्या मासळीतून पळतो आणि आजीच्या शिव्या खातो. पण सगळीच बाळं घरी येत नाहीत. म्हणून आमच्या गटात आता ठरलंय, कुणाचं बाळ पेटीत असलं की पाचजणींनी आत शिरायचं नाही. एकीने आईचा डबा न्यायचा, एकीने तिची मोठी पोरं सांभाळायची आणि बाकीच्यांनी घरी थांबायचं. तुमच्या पुढच्या बैठकीत हे बोलाल ना?