पिन : शब्द एक, अर्थ अनेक



आज मी आपल्यापुढे एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. कागदाला लावली तर कागद धरते आणि बोटाला लागली तर रक्त काढते, अशी ही वस्तू म्हणजे पिन. मराठीत हिला टाचणी असा चांगला शब्द आहे. पण शाळेत जा, कचेरीत जा, शिंप्याच्या दुकानात जा, जो तो पिनच मागतो. इंग्रजी नुकतेच शिकू लागलेला मुलगाही ‘पिन म्हणजे टाचणी’ असे घडाघडा सांगतो. आपण त्याला शाबासकी देतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. माझे म्हणणे एवढेच की, इथे जरा थांबावे. कारण या एवढ्याशा शब्दाच्या दोन अर्थांची गल्लत झाली, तर आज माणसाची वर्षभराची कमाई घटकेत जाऊ शकते. ती कशी, ते ओघाने येईलच.

आधी या शब्दाचे मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत पिन म्हणजे खुंटी, लाकडाची मेख. तारेची बारीक टाचणी हा अर्थ मागाहून आला. हे एकदा ध्यानात आले की बरीच कोडी उलगडतात. बैलगाडीचे चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला जी खीळ घालतात, तीही इंग्रजीत पिनच. आपल्या घरातले लाटणे, तेही इंग्रजाच्या लेखी पिन. दूर मांडलेले लाकडी खुंट चेंडूने पाडायचा त्यांचा एक खेळ आहे, त्यातले खुंटही पिनच. आता लाटणे आणि टाचणी यांचा काय संबंध, असे एखादा मुलगा विचारील. त्याला सांगावे, बाबा रे, दोघींची आजी एकच, ती म्हणजे खुंटी.

खुंटीचे काम धरून ठेवण्याचे. म्हणून पुढे या नामाचे क्रियापद झाले. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे खांदे जमिनीला टेकवून त्याला जखडले की इंग्रज म्हणतो, त्याला ‘पिन’ केले. आपण म्हणतो, चीत केले. बुद्धिबळात एखादे प्यादे हलवले की मागचा राजा उघडा पडतो, म्हणून ते जागीच खिळून राहते. तेही पिन झाले. आपणही ‘नजर खिळली’ म्हणतोच की! खिळा काय नि पिन काय, माणसाची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते.

पण ती नेहमीच सारखी चालते असे नाही, आणि शिक्षकबंधूंनी व भगिनींनी लक्ष द्यावे ते इथे. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात. इंग्रजाच्या पायाला मुंग्या येत नाहीत, त्याला ‘टाचण्या आणि सुया’ येतात! शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा विद्यार्थी इथे हमखास फसतो. दुसरे उदाहरण घ्या. इंग्रजीत ‘पिन मनी’ असा शब्द आहे. पूर्वी टाचण्या महाग असत, आणि त्या घेण्यासाठी म्हणून नवरा बायकोला काही रक्कम देई, ती ही पिन मनी. आज त्याचा अर्थ किरकोळ खर्चाचे पैसे एवढाच उरला आहे. याला मराठीत ‘टाचणीचे पैसे’ म्हटले तर कोणाला काय कळणार? पण ‘चोळीबांगडीचा खर्च’ म्हणा, घरातली म्हातारी आजीसुद्धा लगेच मान डोलावील.

ही महाग टाचणी स्वस्त कशी झाली, याचीही हकीकत मोठी बोधक आहे. अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचेच उदाहरण दिले. कोणी तार ओढतो, कोणी ती सरळ करतो, कोणी तोडतो, कोणी टोक काढतो. अशी सुमारे १८ कामे वाटून घेतली, तर दहा माणसे मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. एकट्यादुकट्याने सगळे करायचे म्हटले तर दिवसाला वीसही होणार नाहीत. श्रमविभागणीचा एवढा मोठा सिद्धांत एवढ्याशा टाचणीवर उभा राहिला.

आता आपल्या घरी येऊ. आपण हा शब्द नुसता उसना घेतला नाही, त्याला मराठी वळण लावले. एखाद्याने चहाडी करून दोघांत तेढ घातली की आपण म्हणतो, ‘त्याने पिन मारली.’ एकच गोष्ट कोणी पुन्हा पुन्हा बोलू लागला की ‘याची पिन अडकली’ असे म्हणतो. इथे आठवण आहे ती ग्रामोफोनच्या तबकडीची. हे अर्थ इंग्रजी कोशात शोधू नका. ते इथल्याच मातीत उगवले आहेत. आपले मराठी शब्द तरी कुठे एकमार्गी आहेत? ‘कळ’ हाच शब्द घ्या. यंत्राची कळ दाबतात, पोटात कळ येते, भांडणाची कळ लावतात आणि धीराने कळ सोसतात. मुलाला हे कोणी पाठ करून घ्यावे लागत नाही, वाक्यावरून त्याला अर्थ उमगतो. परका शब्दही असाच वाक्यातून शिकवावा.

आणि आता मुख्य मुद्दा. टाचणीशी काहीही नाते नसलेले दोन पिन आज आपल्या व्यवहारात आहेत. दोन्ही इंग्रजी आद्याक्षरे जोडून झालेले.

पहिला पिन टपालाचा. पोस्टल इंडेक्स नंबर, म्हणजे आपला पिन कोड. वडगाव, पिंपळगाव अशी एकाच नावाची गावे आपल्याकडे कितीतरी आहेत. शिवाय पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले. पत्रांची होणारी ही भटकंती थांबावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून हे सहा आकडे आले. ही योजना तयार केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेले हे गृहस्थ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. यातला पहिला आकडा विभाग दाखवतो, महाराष्ट्र आणि गोव्याचा चार. शेवटचे तीन आकडे आपल्या टपाल कचेरीचे.

दुसरा पिन बँकेचा. पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे आपली गुप्त खूण. १९६७ साली लंडनमध्ये एन्फील्ड इथे बार्कलेज बँकेने पैसे देणारे यंत्र बसवले. ते तयार करवणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी की, त्यांच्या मनात सहा आकडे होते. पण पत्नी म्हणाली, माझ्या लक्षात चारच राहतील. म्हणून चार ठरले!

मराठीने इथे एक गंमत केली आहे. टोचते ती पिन आणि आकड्यांचा तो पिन. लिंगभेदाने टाचणी वेगळी काढली. पण आकड्यांच्या दोन पिनांत मात्र भाषा काही फरक करत नाही. तो फरक आपणच करायला हवा. टपालाचा पिन ज्याला त्याला सांगावा, पाकिटावर ठळक लिहावा. बँकेचा पिन कोणालाही सांगू नये. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्याला नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. फोनवर कोणी म्हणतो, ‘काका, तुमचं कार्ड बंद पडतंय, पिन सांगा.’ दुसरा म्हणतो, ‘तुमच्या गाडीचे पैसे पाठवतोय, मोबाईलवर पिन टाका म्हणजे जमा होतील.’ ध्यानात ठेवा, मोबाईलवरून पैसे देताना पिन लागतो. पैसे येण्यासाठी तो कधीच लागत नाही. पैसे मिळणार म्हणून जो पिन मागतो, तो पैसे न्यायला आलेला आहे. तरीही कोणी फसलाच, तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. फळ्यावर ‘पिन’ हा शब्द लिहा आणि मुलांकडून त्याची वाक्ये गोळा करा. मग दोन रकाने पाडा, सांगायचा पिन आणि न सांगायचा पिन. तो धडा मुलांना घरी आजीआजोबांपुढे म्हणून दाखवायला सांगा. भाषेचा तास असा घरापर्यंत पोचला, तर एखाद्या घरची पुंजी वाचेल. आणि मुलालाही कळेल की, शब्दाचा अर्थ नीट जाणणे हे परीक्षेपुरते काम नव्हे.