तंतू आणि राळ यांचा सांधा



१९३६ साली गांधीजी सेगावी राहावयास आले. तेथे पुढे उभ्या राहिलेल्या कुट्यांच्या भिंती माती व बांबू यांच्या आहेत. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. बांबूला ताण सोसतो. आजच्या पाण्याच्या टाक्या, नावा, पवनचक्कीची पाती यांत तेच काम काचतंतू आणि कृत्रिम राळ करतात. तंतू किती बळकट, असे लोक विचारतात. आमचे म्हणणे असे की, आधी सांधा विचारावा. राळेवर पडलेला ताण तंतूकडे पोचतो तो त्या सांध्यातून. सांधा सैल असेल तर तंतू न तुटताच उपसून येतो.

आपला कापूसच पाहा ना. कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो, कारण त्याच्या अंगावर मेण असते. म्हणून रंगविण्यापूर्वी तो खारात उकळतात. राळेसाठीही मेण काढलेला तंतू बरा. काचेची अडचण निराळी. तिच्यावर दमटपणाचा पातळ थर बसतो आणि सांधा पोखरतो. म्हणून तंतू ओढतानाच त्यावर सिलिकॉनयुक्त लेप देतात; त्याचे एक टोक काचेला धरते, दुसरे राळेला.

पण हा सगळा खटाटोप कारखान्यातील एका तासात वाया जाऊ शकतो. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. हिवाळ्याच्या मापाने हार्डनर घातला, तर राळ तंतूंत मुरण्यापूर्वीच आळते आणि हवेचे बुडबुडे आत कोंडतात. तो फारच कमी घातला, तर राळ अर्धीकच्ची राहते. श्रावणात तंतूच ओलसर असतो. अर्धपारदर्शक पत्रा घेताना तो उजेडाकडे धरावा; पांढरे धागे दिसले तर तेथे राळ पोचलेली नाही असे समजावे. दुकानदार रागावला तरी चालेल!

आता पऱ्हाटीविषयी. वेचणी संपली की ती बहुधा चुलीत जाते किंवा बांधावर जळते. नागपूरच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन केंद्रात तिच्या चुऱ्याचे, राळ घालून, तापत्या दाबयंत्रात तक्ते केले गेले आहेत. चुरा नीट वाळला नसेल तर आत वाफ कोंडते आणि दाब काढताच तक्ता पोटातून फुटतो. युरियाची राळ स्वस्त, पण ओलीत तिचा सांधा सुटतो. फिनॉलची राळ पाण्याला टिकते. मात्र तिला किंमत अधिक आणि आचही अधिक. गळक्या कौलांच्या घरासाठी तक्ता करावयाचा असेल, तर ती जादा आच आम्हांला परवडणारी वाटते.