एंटर दाबेपर्यंत



"तू नेमकं काय काम करतेस गं?" हा प्रश्न सकाळपासून सात जणांनी विचारला. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्या उत्तरावर तुम्ही सोडणार नाही, म्हणून कामातला एक लहानसा तुकडा सांगते.

दूरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चालू असतो. आपण इथून नाव टाइप करून एंटर दाबतो, तो उत्तर देतो. पायथनमध्ये असा साधा सर्व्हर वीसेक ओळींत लिहून होतो. दुकान मांडावं तसा तो एका पोर्टवर बसतो. गिऱ्हाईक आलं की सॉकेट जोडला जातो.

आपल्याला वाटतं, इथून एक ओळ पाठवली म्हणजे तिकडे एक ओळ पोचली. पण नेटवर्कला ओळ कळतच नाही. टीसीपी फक्त बाइट वाहून नेतो, पाटाच्या पाण्यासारखे. क्रम चुकत नाही, पण एका खेपेला किती येतील याची हमी नाही. ओळ कुठे संपली हे एंटरच्या बाइटवरून, म्हणजे 10 या आकड्यावरून, आपणच ओळखायचं.

इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणून कच्चे प्रोग्रामही तिथे वर्षानुवर्षं निभावून जातात. आता 'शहादा' लिहा. श, ह, काना, द, काना : पाच खुणा, यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, एकूण 15. पहिल्या खेपेत 14 आले आणि प्रोग्रामने घाईने वाचायला घेतलं, की शेवटचा काना तुटतो आणि पायथन चूक दाखवून थांबतो. असा एक प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. तोवर तिथल्या ऑपरेटरांना सांगून ठेवलं होतं, "नावं इंग्रजीतच टाका." दोष प्रोग्रामचा आणि शिक्षा नाव लिहिणाऱ्याला! घरी अहिराणी, गुजरी, पावरी बोलून शाळेत मराठी शिकलेल्या आपल्या वर्गाला यात राग येण्यासारखं काय आहे, हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्ती सोपी होती. एंटर येईपर्यंत बाइट नुसते साठवायचे, मगच त्यांची अक्षरं करायची. 10 हा बाइट कुठल्याही मराठी अक्षराच्या पोटात येत नाही. 1992 मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ही पद्धत आखतानाच ती काळजी घेतली. साठवण्याला मर्यादाही हवी, नाहीतर एखादा एंटर न दाबता पाठवतच राहील आणि मेमरी भरेल.

दुसरा घोटाळा गमतीचा. सर्व्हर 'नाव?' असं विचारतो, पण तो प्रश्न बफरमध्येच पडून राहतो. इकडे माणूस प्रश्नाची वाट पाहतो, तिकडे सर्व्हर उत्तराची. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे "आधी तुम्ही बोला" म्हणत बसतात ना, तसं! प्रश्न लिहिला की तो लगेच बाहेर ढकलावा लागतो, एवढंच.

आणि बाणाची कळ दाबल्यावर मागे न जाता विचित्र खुणा का उमटतात? कारण ओळ दुरुस्त करण्याची सोय टर्मिनलमुळे मिळते, आणि सॉकेट म्हणजे टर्मिनल नव्हे. तिथे खोटं टर्मिनल उभं करावं लागतं. ते सांगत बसले तर जेवण थंड होईल.

लॅपटॉप आणलाय, सर्व्हर चालू आहे. जेवणानंतर आपापल्या गावाचं नाव टाकून बघा. प्रकाशा आणि म्हसावद 21-21 बाइटची, सारंगखेडा 27 ची. बाकीची तुम्ही मोजा.