पालापाचोळ्याचा कोळसा : शाळेत आणि घरी



माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की खेड्यातील शाळेचा दिवस झाडलोटीने उजाडतो. मुले आवार झाडतात, पाचोळ्याचा ढीग कुंपणाशी जमतो आणि कोणीतरी त्याला काडी लावतो. परिपाठ चालू असता तो धूर वर्गात शिरतो. याच मुलांपैकी कित्येकांच्या घरी गॅसची शेगडी आलेली असली, तरी सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते आणि सरपणाला जाण्याचे काम बहुधा मुलीकडेच येते. पाचोळा जाळून टाकणारी शाळा आणि सरपणापायी गैरहजर राहणारी मुलगी एकाच गावात नांदतात. या दोहोंचा मेळ कितपत घालता येईल, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय होय.

सर्वच पाला कोळशासाठी नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. जो कुजून खत होईल तो खड्ड्यातच गेला पाहिजे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तेथे पाल्याला आधीच धनी आहे. उरतात ती साग, आंबा, बांबू यांची लवकर न कुजणारी पाने आणि फडात पेटवून दिले जाणारे उसाचे पाचट. पाचटापासून कोळसा करण्याची रीत डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने बसविली व त्या कामास २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्या भट्टीतील युक्ती अशी की, तापलेल्या पाचटातून निघणारा ज्वलनशील वायूच भट्टीला जळण पुरवितो.

हेच तत्त्व एका डब्यातही दाखविता येते. घट्ट झाकणाचा साधा पत्र्याचा डबा घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला, रंगाचा अथवा फवारणीच्या औषधाचा डबा मुळीच घेऊ नये. झाकणाला खिळ्याने एक छिद्र पाडावे. ते विसरल्यास कोंडलेला वायू झाकण उडवितो. कडकडीत वाळलेला पाला चुरून दाबून भरावा. त्यात गुटख्याची वेष्टने नसावीत, आणि कण्हेरीचे पान तर एकही नसावे, कारण तिचा धूर विषारी असतो. मग डबा उघड्या जागी आगीत ठेवावा. आरंभी छिद्रातून पांढरी वाफ येते, नंतर पिवळट धूर येतो, आणि तो पेट घेऊन छिद्रावर ज्योत नाचू लागते. ती आपोआप विझली की कोळसा झाला. डबा बाहेर काढून छिद्र ओल्या मातीने बुजवावे व पुरता गार होईपर्यंत झाकण उघडू नये. आतला कोळसा गरम असता हवा मिळाली, तर डोळ्यांदेखत त्याची राख होते. आगीजवळचे सर्व काम शिक्षकाने स्वतः करावे. मुलांनी दूर बसून केवळ पाहावे.

एक किलो पाल्याचा कोळसा साधारणतः दोनशे ते तीनशे ग्रॅम भरतो. भरण्यापूर्वी व नंतर तराजूवर वजन घेतले, तर शेकडेवारीचा पाठ फळ्यावाचूनच होतो. १९३७ च्या वर्धा परिषदेत उद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला गेला, त्याला हे एक छोटेसे उदाहरण म्हणता येईल.

भुकटीला आकार देण्यास पिठाची खळ लागते. किलोभर भुकटीला पन्नास ते शंभर ग्रॅम पीठ पुरते. त्यासाठी खाण्याचे पीठ खर्ची घालू नये, गिरणीत सांडलेले चालते. मुठीत दाबले असता गोळा धरावा व बोटांतून पाणी गळू नये, इतकाच ओलसरपणा ठेवावा. वड्या तीन-चार दिवस उन्हात वाळवाव्यात. अर्धवट वाळलेली वडी धुमसते, आणि मग दोष पाल्याला दिला जातो. ताजी भुकटी मात्र लगेच पोत्यात भरू नये. एक दिवस उघड्यावर पसरून ठेवावी, कारण ती आतून तापून पुन्हा पेटण्याचा संभव असतो.

आता जी गोष्ट सांगितल्यावाचून हा प्रयोग कोणत्याही शाळेने करू नये, ती अशी. कोळशाला धूर नसतो, म्हणून धोकाही नसतो, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो प्राणघातक आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात व माणूस बाहेर येतो. येथे तशी सूचना मिळत नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि थंडीत दार लावून शेगडीशेजारी निजलेले कुटुंब सकाळी उठत नाही. म्हणून या वड्यांची शेगडी ओसरीवर किंवा अंगणातच पेटवावी व निजण्याच्या खोलीत ती विझत आलेली असतानाही नेऊ नये. मुलाच्या हाती वड्या देण्यापूर्वी त्याच्या आईला शाळेत बोलावून हे समक्ष सांगावे. मुलाकरवी धाडलेला निरोप वाटेत अर्धा होतो.

एका शाळेच्या पाचोळ्यातून कोणाची वर्षाची चूल चालणार नाही. निम्म्याहून अधिक पाला खतालाच जाईल, आणि तसेच व्हावे. परंतु पावसाळ्यात ओल्या सरपणाने घर कोंदते, तेव्हा फाल्गुन-चैत्रात करून कोरड्या जागी ठेवलेल्या वड्या ओसरीवरच्या शेगडीला उपयोगी पडतात. तेवढ्या दिवसांची मुलींची हजेरी शिक्षकाने वेगळी टिपून ठेवावी व पुढील केंद्रसंमेलनात ती आणावी.