अभ्यासात लक्ष नसलेले मूल



आजचा विषय आपल्या घरांत बहुधा गुणपत्रिकेच्या रूपाने प्रवेश करतो. मुलगा पंधरा वर्षांचा, बुद्धीने तल्लख. पण गृहपाठ अपुरा, वस्तू हरवलेल्या, वर्गात लक्ष नाही. अलीकडे तो चिडतो, दार लावून बसतो, आवडता खेळही त्याने सोडला आहे. आपण म्हणतो, आळशी झाला. ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढी किंमत मोजली, त्यातील आई-वडिलांना मुलाचे मागे पडणे हे नुसते अपयश वाटत नाही, कृतघ्नता वाटते. हा आरोप आपण उच्चारला नाही तरी मुलाला तो ऐकू येतो.

एडीएचडी या अवधानविकाराची काही लक्षणे बारा वर्षांच्या आतच दिसलेली असावी लागतात, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेचा २०१३ चा निदानग्रंथ सांगतो. तेव्हा बालपणापासूनचा विसराळूपणा वेगळा आणि चौदाव्या वर्षी आलेली उदासी वेगळी. मात्र पहिलीतून दुसरी उद्भवू शकते. अशा मुलांत नैराश्य इतरांहून अधिक आढळते. वर्षानुवर्षे खाल्लेली बोलणी आणि तुटलेली मैत्री यांचा त्यात वाटा असतो. किशोरवयातील नैराश्य पुष्कळदा अश्रूंऐवजी चिडचिडीतून प्रकट होते. शांतपणे हरवून बसणाऱ्या मुलींचे निदान तर फार उशिरा होते.

आता अवघड भागाकडे येते. १९९८ साली फेलिटी आणि अँडा यांनी सॅन डिएगो येथील हजारो प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईला होणारी मारहाण हाही त्यांनी मुलाच्या प्रतिकूल अनुभवांत मोजला. असे अनुभव जितके अधिक, तितके पुढील आयुष्यात नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न अधिक, असे त्यांना आढळले. ‘मी पोराला कधी हात लावला नाही,’ हे समर्थन म्हणूनच अपुरे आहे. (पुरुषमंडळींकडे मी मुद्दाम पाहून बोलते आहे.) जे मूल रात्री जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेत जागे असते, त्याचे मन दिवसाही पहाऱ्यावरच असते, बीजगणितासाठी ते उरत नाही. बाहेरून हे एडीएचडीसारखेच दिसते. कधी दोन्ही एकत्र असतात. वस्तीतील गोळीबार किंवा शाळेतील मारहाण पाहिलेल्या मुलाचेही असेच होऊ शकते.

म्हणून डॉक्टरांना केवळ गुण सांगू नका, घरही सांगा. मुलाच्या छळाचा संशय आल्यास ते कळविण्याचे कायदेशीर बंधन अमेरिकेत डॉक्टर व शिक्षकांवर असते, आणि त्या भयाने घरे मौन पाळतात. परंतु त्या मौनात निदान चुकते. लक्ष लागण्याची गोळी गृहपाठ पुरा करवील. घरातील मारहाण ती थांबवू शकत नाही.

सरकारी शाळेकडे तपासणीची लेखी मागणी करता येते. तिचा खर्च पालकांवर पडत नाही, आणि नकार द्यायचा तर शाळेला कारण लेखी द्यावे लागते. १९७३ च्या कायद्यातील कलम ५०४ खाली परीक्षेला जादा वेळ मिळू शकतो. नैराश्यावर समुपदेशन आहे, औषधेही आहेत. या औषधांमुळे काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने दिला. म्हणून पहिले काही आठवडे मुलाकडे बारकाईने लक्ष ठेवावे. औषध मात्र परस्पर बंद करू नये.

‘मरावेसे वाटते का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर मुलाला एकटे सोडू नका, घरातील औषधे कुलपात ठेवा आणि ९८८ हा क्रमांक फिरवा. जुलै २०२२ पासून अमेरिकेत तो रात्रंदिवस चालू आहे, आणि पालकांनाही त्यावर बोलता येते.