पेट्रोल शिळं होतं!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाऊस उतरणीला लागला की आमच्या सिंधुदुर्गात सकाळी सातपासून डोंगराडोंगरातून ग्रासकटरची घरघर ऐकू येऊ लागते. आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू झालेली असते. पूर्वी दहा-बारा माणसं कोयते घेऊन ओळीने बाग साफ करायची. आता माणसं मिळत नाहीत, म्हणून खांद्याला पट्टा अडकवून एकटा माणूस मशीनने गवत कापतो. मशीन चालू झालं तर दिवस सोन्याचा. नाही झालं, तर दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते.

त्या न चालू होणाऱ्या मशीनबद्दल आज बोलायचं आहे. मी मेकॅनिक नाही, बागायतदार आहे. पण एका वर्षी या दोरीनं मला असा धडा दिला की त्यानंतर मशीन उघडून बघायला शिकलो.

त्या वर्षी ऑक्टोबरात मांगरातून ग्रासकटर बाहेर काढला. आदल्या हंगामात ठेवला होता तसाच, टाकीत अर्धं पेट्रोल. मनात म्हटलं, बरं झालं, आणायला जायला नको. दोरी ओढली. दहा वेळा, वीस वेळा. शेवटी मोजणं सोडून दिलं. मशीन घेऊन बाजारातल्या मेस्त्रींकडे गेलो, तर तिथे माझ्यासारख्यांची रांगच लागलेली. नंबर दहा दिवसांनी लागला. मेस्त्रींनी टाकीचं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाले, "मशीनाक काय झालेला नाय. पेट्रोल शिळा झाला."

मशीन घरी आलं, पण तोवर आमचा गडी दुसऱ्याच्या बागेत लागला होता. मग आज करू, उद्या करू यात माझेही दिवस गेले. वरच्या बाजूचं गवत तसंच उभं राहून वाळलं. फेब्रुवारीत एका दुपारी पलीकडच्या कातळावरून वणवा आला. गडग्याला लागून जाळरेषा काढलेली नव्हती. पाच वर्षं वाढवलेली काजूची चाळीस कलमं तासाभरात करपली. दोष एकट्या मशीनचा नव्हता, माझ्या आळसाचाही होता. पण सुरुवात त्या अर्ध्या टाकीपासून झाली, हे मी विसरू शकत नाही.

पेट्रोल शिळं कसं होतं? त्यातला चटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो. मागे उरतं ते चिकट होत जातं आणि कार्बोरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत बसतं. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात मिळू लागलं आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सगळीकडे पोहोचलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. मशीनची नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. आणि वंगणाचं तेल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये! काही जुन्या मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. तेव्हा पुस्तिका एकदा वाचा आणि मशीन जुनं असेल तर रबरी नळ्या, पडदे दरवर्षी तपासून घ्या.

ग्रासकटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आतल्या बेअरिंगना आणि पिस्टनला वंगण देतं. तेल विसरलात तर पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च मोठा असतो. उलट "थोडं जास्त घातलेलं बरं" म्हणून हात सैल सोडलात, तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीनं भरतो. पुस्तिकेत पन्नासास एक लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, चाळीसास एक असेल तर २५ आणि पंचवीसास एक असेल तर ४० मिलिलिटर. अंदाज नको, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण ठेवा. तेल टू-स्ट्रोकचंच हवं. आणि आधी खात्री करा, की तुमचं मशीन टू-स्ट्रोकच आहे. फोर-स्ट्रोक ग्रासकटरही बाजारात आहेत, त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं नसतं.

आता मशीन चालूच होत नाही, तर काय करावं? आधी हसू नका, पण बटण बघा. ते बंद असतानाच दोरी ओढणारे मी अनेक पाहिलेत, त्यात मीही आहे. मग जुनं पेट्रोल काढून ताजं मिश्रण भरा. खालचा रबरी फुगा सात-आठ वेळा दाबा. त्यात पेट्रोल दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर टाकीतल्या नळीच्या टोकाचा छोटा फिल्टर तुंबलाय किंवा नळीला चीर गेली आहे.

थंड मशीनला चोक लावायचा. दोरी ओढताना इंजिन एकदा खोकल्यासारखा आवाज करतं. तो ऐकला की चोक काढायचा आणि मग ओढायची. आपण तो आवाज ऐकत नाही, ओढतच राहतो. पेट्रोल आत साठतं, प्लग भिजतो. मग बटण बंद करून प्लग काढायचा, चोक उघडा ठेवून छिद्रावर फडकं धरून दोरी आठ-दहा वेळा ओढायची. प्लग पुसून वाळवायचा, थोडं थांबायचं आणि पुन्हा बसवायचा.

प्लग पुष्कळ काही सांगतो. तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. काळा आणि तेलकट असेल तर तेल जास्त झालंय किंवा हवेचा फिल्टर भरलाय. तो स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. पुष्कळ ओढूनही प्लग अगदी कोरडा असेल, तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. पाच-दहा मिनिटं चालून मशीन बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. तेवढ्यानं चालू झालं, तर झाकणातली हवेची वाट बुजली आहे. आणि चालू होऊनही जोर नसेल, तर सायलेन्सरची जाळी काजळीनं भरली असण्याची शक्यता मोठी. एवढं करूनही जमलं नाही, तर मात्र मेस्त्रींकडे जा. कार्बोरेटरचे स्क्रू स्वतः फिरवत बसू नका. मी फिरवले होते, ते निस्तरायला मेस्त्रींना अर्धा दिवस लागला.

हे सगळं उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर करायचं. जवळ विडी नको, चूल नको. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायची.

पण खरं काम हंगाम संपतो त्या दिवशीचं आहे. टाकी रिकामी करा. मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. प्लग काढून आत टू-स्ट्रोक तेलाचे चार थेंब टाका, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग बसवा आणि मशीन कोरड्या जागी टांगा. पंधरा मिनिटांचं काम आहे. उरलेलं पेट्रोल विहिरीजवळ किंवा परड्यात ओतू नका, मेस्त्रींना द्या. त्यांना भाग धुवायला उपयोगी पडतं. आणि पुढच्या हंगामात महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा, डब्यावर तारीख लिहा.

आमच्या मांगराच्या भिंतीवर आता खडूनं एक तारीख लिहिलेली असते, टाकी रिकामी केल्याची. वरच्या बाजूला मी काजू पुन्हा लावलेत. गडग्याला लागून गवत कापलेला पट्टा दर वर्षी नोव्हेंबरातच तयार असतो. यंदा तुमची बेणणी आटोपली की घरी परतताना मशीन तसंच कोपऱ्यात उभं करू नका. आधी टाकीचं झाकण उघडा.